पाणी बघितलं का?

नमस्कार-चमत्कार काकांच्या स्वभावात नव्हता. बोईसरच्या त्या डायलिसिस सेंटरमध्ये मी बायकोला पहिल्यांदा घेऊन गेलो, तेव्हा दारातच एक वाळलेला म्हातारा उभा होता. अंगात कुठल्याशा कंपनीचा विटलेला खाकी शर्ट, हातात चष्म्याचं घर, आणि डाव्या हातावर सुया टोचायला ऑपरेशन करून फुगवलेली ती जाड शीर. म्हणजे हाही पेशंटच. माझ्याकडे आणि बायकोकडे आळीपाळीने बघून त्यांनी विचारलं, "पाणी बघितलं का?"

"कसलं पाणी?"

"बाईच्या रक्ताला जे लागणार हाय ते. चार तासांत शंभर-सव्वाशे लिटर. न बघता आणलंसा?"

आता मी कोण, हे त्या माणसाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मासवणजवळच्या आमच्या गावात मी ग्रामपंचायतीचा पाणीवाला. अठरा वर्षं टाकी भरतोय, जंतू मारायला क्लोरीनची टीसीएल पावडर टाकतोय, वॉल्व्ह फिरवून गावाला पाणी सोडतोय. जिल्ह्याच्या ठिकाणी बोलावून माझं ट्रेनिंग झालेलं आहे. आणि हा म्हातारा मला पाण्याबद्दल विचारणार! मी म्हटलं, "काका, पान्याचं मला शिकवू नका. माझा तोच धंदा हाय."

"मग तर बघायलाच पायजे हुतं," असं म्हणून ते आत निघून गेले. आमची ओळख ही अशी झाली, आणि पुढची दोन वर्षं ती साधारण याच चालीवर टिकली.

काका मूळचे साताऱ्याकडचे. तारापूरच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत बॉयलरला लागणारं पाणी शुद्ध करण्याचं काम त्यांनी तीस वर्षं केलं होतं. बायको गेलेली, मुलगी लांब दिलेली, बोईसरात एका चाळीत एक खोली. जगातल्या सगळ्या गोष्टी त्यांना बॉयलरवरून समजायच्या. "बॉयलरला वाईट पाणी दिलं तर बॉयलर बोंब मारतो," ते म्हणायचे, "मानूस मारत न्हाई. मानूस म्हनतो, जरा डोकं दुखतंय." रोज सकाळी ते स्वतःच्या हातावरच्या त्या शिरेला कान लावून बसायचे. शीर घरघरली की खूष. "चालू हाय मशीन," म्हणायचे आणि मगच चहा घ्यायचे. हे त्यांनीच मला सांगितलं होतं, मी न विचारता.

सेंटरमध्ये आले की खुर्चीकडे न जाता ते थेट मागच्या खोलीत जायचे. तिथे पाणी गाळायच्या टाक्या, क्लोरीन शोषणाऱ्या कोळशाची टाकी आणि आरओचं यंत्र. नळ सोडायचा, ओंजळीत पाणी घ्यायचं, नाक लावायचं. बोईसरच्या हवेतच मुळात दहा वास. त्यातून यांच्या नाकाला अकरावा कसा कळायचा कोण जाणे. मग चष्म्याच्या घरातून काचेची नळी निघायची. त्या घरात चष्मा मी कधीच बघितला नाही, तो कायम नाकावर. टेक्निशियनने पट्टी बुडवून तपासणी केलेली असली तरी यांची वेगळी. पाण्यात क्लोरीन एक थेंबही राहता कामा नये, हा त्यांचा ध्यास. वहीतल्या सहीवर त्यांचा विश्वास नव्हता. "सही पेनानं हुती, तपासनी डोळ्यानं," असं त्या बिचाऱ्या टेक्निशियन पोरींना तोंडावर सांगायचे. त्या हात धुवायला लागल्या की हे मागे उभे राहून मोठ्याने आकडे मोजायचे. वीसच्या आत नळ बंद केला तर पुन्हा एकपासून.

चांगलं सेंटर कसं ओळखायचं, याचं त्यांचं स्वतःचं शास्त्र होतं. पालघर, बोईसर, पार विरारपर्यंतची सेंटरं त्यांनी हिंडून बघितली होती. एसी, टाइल्स, टीव्ही याकडे बघायचे नाहीत. रिकाम्या खुर्चीत जाऊन बसायचे आणि सिस्टरच्या टेबलाकडे बघायचे. तिथून आपलं तोंड दिसत असेल तर सेंटर बरं. टेबलाशी बसणाऱ्यांची तोंडं टीव्हीकडे असतील तर उठून बाहेर. दुसरी परीक्षा घंटीची. मशीनची घंटी वाजली की धावत येणारा माणूस आधी बटण दाबतो की आधी पेशंटच्या तोंडाकडे बघतो? "बटन दाबलं की घंटी गप हुती," काका म्हणायचे, "पेशंटबी कधी कधी तसाच गप हुतो."

असं काही बोलले की माझ्या बायकोच्या अंगावर काटा यायचा. तिची खुर्ची त्यांच्या शेजारची. ती मला म्हणायची, "तो बाबा वंगाळ बोलतो. मला दुसरीकडं बसवा." मी काय करणार? खुर्च्या पाच, पेशंट तिप्पट.

त्यांच्या वेडाचा फायदाही व्हायचा, हे खोटं कशाला सांगू. एकदा वजनकाट्यावर उभे राहिले, उतरले, लिटरभर पाण्याची सीलबंद बाटली हातात घेऊन पुन्हा उभे राहिले. काट्याने बाटलीचं वजन अर्धा किलो दाखवलं. "ह्यो काटा खोटारडा हाय," म्हणून त्यांनी गोंधळ घातला. काटा खरंच बिघडलेला निघाला. अंगातलं किती पाणी काढायचं ते वजनावर ठरतं, आणि त्या पंधरवड्यात बायकोच्या पोटऱ्यांत गोळे का येत होते ते मला तेव्हा कळलं. पण मी त्यांना तसं म्हटलं नाही. उपकार मानायचे म्हणजे त्यांना अजून चढायला शिडी दिल्यासारखं, असा माझा हिशेब.

आणि प्रत्येक वेळी ते बरोबर असायचे असंही नाही. एकदा मागच्या खोलीत वास येतोय म्हणून त्यांनी पहिली पाळी अडवून धरली. "कुनीबी सुई घ्यायची न्हाई!" दीड तास टाक्या धुणं चाललं, मॅनेजरला फोन झाले. शेवटी निघालं काय, तर पलीकडच्या मोरीत कोणाच्या तरी हातून फिनेलची बाटली सांडली होती. पाणी स्वच्छ होतं. त्या दीड तासापायी आमची दुपारची एसटी चुकली. डायलिसिसनंतर बायकोला उभं राहवत नाही. स्टँडच्या फरशीवर पदर तोंडावर घेऊन ती आडवी पडली आणि दोनदा ओकली. येणारेजाणारे बघत होते. मला इतका संताप आला की त्या म्हाताऱ्याची मानगूट धरावी.

मानगूट धरली नाही, अर्ज लिहिला. ग्रामपंचायतीच्या नोटिसा लिहून माझं अक्षर चांगलं झालेलं आहे. 'सदर इसम इतर रुग्णांना नाहक त्रास देतात, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.' आठ जणांनी सह्या केल्या. एक नंबरच्या खुर्चीवर पावडर कोटिंगच्या कारखान्यातला एक भैया बसायचा, तो म्हणाला, "चाचा दिल के बुरे नहीं हैं, लेकिन टाइम बहुत खाते हैं," आणि त्यानेही सही केली. आठवड्याभरात मॅनेजरने काकांची पाळी बदलली. पहिलीतून दुसरीत. सकाळची पाळी शांत झाली. हात धुताना आकडे नाहीत, वासाची भानगड नाही. वेळेवर सुया, वेळेवर एसटी. महिनाभर मी स्वतःवर खूष होतो.

मग मे महिन्याचा शेवट आला. पाइपलाइनचं काम निघालं म्हणून चार दिवस नळाचं पाणी बंद, सगळीकडे टँकर. त्यात काविळीची साथ. टँकरवाले टीसीएल मुठीने टाकत होते. आमच्या गावात मीच टाकत होतो. तसाच एक टँकर सेंटरच्या टाकीत रिकामा झाला होता. सीनियर टेक्निशियन रजेवर. वाडा तालुक्यातली एक पोरगी, कामाला लागून तीन आठवडे झालेली, पहिल्या पाळीला एकटी होती. तपासणीच्या पट्ट्या संपल्या होत्या. त्याऐवजी कोणीतरी बाजारातून ओटी टेस्टची बाटली आणून ठेवली होती. तीच, आम्ही गावोगावी वापरतो ती. पाण्यात थेंब टाकायचे. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. तिला पट्टी बघायला शिकवलं होतं. बाटलीचं कोणीच काही सांगितलं नव्हतं.

मागच्या खोलीतून ती काचेची नळी हातात धरून बाहेर आली. आतलं पाणी फिकट पिवळं.

"दादा, तुम्ही गावात पाण्याचं बघता ना? हे बरोबर आहे का?"

मी नळी उजेडात धरली. अठरा वर्षं मी तो रंग बघतोय. तो रंग आला नाही तर तालुक्याहून मला झाप पडते. आला की साहेब पाठ थोपटतात. खोक्यावरही छापलं होतं, पिवळा रंग म्हणजे पाणी पिण्यास योग्य. मी मान डोलवली. "एकदम झकास. असाच रंग पायजे."

तिने वहीत 'ठीक' लिहिलं. सुया टोचल्या. एक नंबरला भैया, दोन नंबरला माझी बायको. बाकीचे पेशंट टँकरच्या गर्दीत रस्त्यात अडकले होते, म्हणून तीन खुर्च्या रिकाम्या.

अर्धा तास झाला असेल. बायको म्हणाली, "अवं, डोकं ठनकतंय."

"उनातून आलो ना. डोळे मिट."

थोड्या वेळाने पुन्हा. "छातीवर कुनी बसल्यावानी वाटतंय. दम नाय पुरत."

मी पेपरने वारा घालायला लागलो. पलीकडून भैया म्हणाला, "सिस्टर, उल्टी जैसा लग रहा है." पोरगी त्याच्याकडे धावली, बीपीचा पट्टा बांधायला लागली. आणि तेवढ्यात काका आत आले. त्यांची पाळी यायला तीन तास होते. पण इतकं आधी येऊन बसणं त्यांनी सोडलं नव्हतं. टेबलावर ती पिवळी नळी तशीच उभी होती. त्यांनी ती उचलली, खिडकीपाशी नेली.

"हे कुठल्या नळाचं?"

"आतल्या," पोरगी म्हणाली. "शेवटच्या टाकीनंतरच्या."

काका सुजलेल्या पायांनी थेट माझ्या बायकोच्या मशीनकडे निघाले. मी उठून आडवा झालो. त्यांच्या छातीवर हात ठेवला आणि त्यांना मागे रेटलं, हो, रेटलंच. म्हणालो, "काका, तुमची पाळी दुसरी. हितं तमाशा करायचा नाय. पानी मी बघितलंय."

एरवी फिनेलच्या वासाला सेंटर डोक्यावर घेणारा माणूस त्या दिवशी ओरडला नाही. माझा हात त्यांच्या छातीवर असतानाच हळू आवाजात म्हणाले, "गावात पिवळं म्हंजी जंतू मेलं. हितं पिवळं म्हंजी रक्त मरतंय. बाईच्या नळीकडं बगा."

मी वळून बघितलं. दोन वर्षं मी त्या नळ्या बघत होतो. त्यांतून काळपट, दाट रक्त जातं. पलीकडचं काही दिसत नाही. आता ते कोकम सरबतासारखं पातळ आणि पारदर्शक लाल दिसत होतं. नळीतून मला पलीकडची भिंत दिसली.

माझा हात खाली पडला. काका पोरीला सांगत होते, "पंप बंद कर. क्लॅम्प लाव. नळीतलं रक्त परत द्यायचं न्हाई, अजाबात न्हाई. आता भैयाचं. मग डॉक्टरला फोन." ती रडत होती आणि सांगितलं ते सगळं करत होती. काका तिच्याजवळ उभे राहून नळी दाबून बंद करणारा एकेक क्लॅम्प मोजत होते. बायकोचे ओठ निळसर पडले होते. ती माझ्याकडे बघत नव्हती, काकांच्या तोंडाकडे बघत होती. नळ्यांमधलं तेवढं रक्त फेकून द्यावं लागलं. आधीच रक्त कमी असलेल्या माझ्या बाईचं ते रक्त, लाल पिशवीत.

अँब्युलन्समधून दोघांना हॉस्पिटलला नेलं. भैया दुसऱ्या दिवशी उठून बसला. बायकोला आयसीयूत ठेवलं, रक्ताच्या बाटल्या लावल्या. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास मशीन चालली असती तर आम्हाला काही करता आलं नसतं. बाहेरच्या बाकड्यावर तीन दिवस मी एकच विचार केला. त्या दोघांना मारायला मी निघालो होतो, आणि तेही मोठ्या ऐटीत. पहिल्या पाळीतला राखणदार मीच अर्ज लिहून हलवला, आणि त्याच्या जागी मीच उभा राहून म्हटलं, एकदम झकास.

काका हॉस्पिटलात आले नाहीत. रोज सकाळी फोन यायचा. "हिमोग्लोबिन किती?" मी आकडा सांगायचो. फोन बंद. कशी आहे, काय खाल्लं, काही नाही. चौथ्या दिवशी आकडा वर सरकला तेव्हा मात्र म्हणाले, "व्हय?" आणि मग बंद.

सेंटरमध्ये त्या वाड्याच्या पोरीला काढायचं चाललं होतं. काका मॅनेजरच्या टेबलासमोर खुर्ची टाकून बसले. "पट्ट्या कुनी संपू दिल्या ते आधी सांगा. टाकीतला कोळसा कधी बदललाय ते सांगा. मग पोरीचं बोलू." पोरगी राहिली, कोळसा बदलला. डॉक्टरांनी चौकशीत विचारलं तेव्हा मी सांगितलं की तिला बरोबर म्हणून सांगणारा मी होतो. एवढं तरी मी केलं.

नंतर एकदा त्यांना गाठून मी अर्जाचंही सांगितलं. वाटलं होतं, शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "अक्षर वळखलं हुतं. त्या दिवशी माझंच चुकलं, फिनेलच हुतं ते. लोकांची गाडी गेली. अर्ज बरोबर हुता." आणि लगेच, "पर एकदा चुकलं म्हनून वास घ्यायचा सोडायचा न्हाई."

बायकोने स्वतः मॅनेजरला सांगून दुसरी पाळी मागून घेतली. दुसऱ्या पाळीनंतर आम्हाला घरी पोचायला दिवेलागण व्हायची. मी कुरकुर केली तर म्हणाली, "काकांच्या शेजारी बसायचं हाय मला." ज्याच्या बोलण्याने हिच्या अंगावर काटा यायचा तो हाच माणूस. आता दोघं चार चार तास बोलत बसायची. काका तिला पाणी शिकवत होते. ती म्हणाली, मला वाचता येत नाय. काका म्हणाले, "वाचायचं काय हाय त्यात? रंग दिसतो न्हवं? अजाबात रंग न्हाई तर बसायचं. इतकुसा जरी दिसला तरी हात द्यायचा न्हाई, डॉक्टर सांगू दे, न्हाई तर तुझा नवरा सांगू दे." शेवटचं ते माझ्याकडे बघून बोलले नाहीत. तेवढी त्यांची दया.

त्या वर्षीच्या थंडीत काका गेले. पाण्याने नाही, मशीनने नाही. सकाळी चहा करता करता खोलीतच हृदय थांबलं. शेजाऱ्यांनी सेंटरला कळवलं, कारण त्यांच्या खोलीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत तोच एक नंबर लिहिला होता. दोनच दिवसांत त्यांच्या खुर्चीवर नवा पेशंट आला.

त्या दिवशी आम्ही सेंटरला पोचलो. तिची पिशवी खाली ठेवून मी मागच्या खोलीकडे वळलो. म्हटलं, आता हे काम आपलं. काका नाहीत, आणि मला एकदा जन्माची अद्दल घडलेली आहे. माझ्यासारखं डोळ्यांत तेल घालून दुसरं कोण बघणार?

"तुमी नको," बायको म्हणाली.

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी समजूत घातली असती. तिने पिशवी उचलून माझ्या हातात दिली आणि भिंतीला धरत, सुजलेल्या पायांनी ती एकटी आत गेली. नळ सुटल्याचा आवाज आला. बराच वेळ ती बाहेर आली नाही. मग आली, खुर्चीत बसली, टेक्निशियनपुढे हात धरला आणि डोळे मिटून घेतले.

तेव्हापासून दर वेळी असंच. आठवड्यातून तीन वेळा मी तिची पिशवी धरून दाराशी उभा राहतो. गावाला मी अजूनही पाणी सोडतो, आणि गाव न विचारता पितं. माझ्या घरातलं माणूस माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही, आणि तिचं बरोबर आहे.